पोत्याची शाई

"चढ काट्यावर," भाऊ म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. सकाळची वेळ. डाळमिलच्या शेडमध्ये आम्ही सगळे ओळीने उभे. समोर डाळीची पोती तोलायचा मोठा काटा, आणि काट्याच्या बाजूला भाऊ, म्हणजे मिलचा मालक, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत.

"चढ ना वं. तुह्या मताचं वजन पाहू दे सगळ्यायले."

मी चढले. त्या शेडमध्ये भाऊ चढ म्हणाला की माणूस चढायचा, उतर म्हणाला की उतरायचा. भाऊचा भाचा अक्षय मिलचा मॅनेजर होता. तो वाकला, आकडा पाहिला आणि ओरडला, "भाऊ, पोत्याहूनई हलकी हाय!"

शेड हसली. भाऊ पोट धरून हसला. म्हणाला, "आन एवढ्याशा वजनापायी माही मिल बंद ठेवा म्हणून राह्यली."

मी काय केलं होतं? एक प्रश्न विचारला होता. "भाऊ, मतदानाच्या दिवशी सुट्टी राहील ना?" बस. त्याचं हे उत्तर. मी काट्यावर उभी, चपला पायात, आणि समोर सगळे दात काढून हसतायत. त्यात माझी मायही होती. तोंडाला पदर लावून हसत होती. मला ते दिसलं.

तोंडावर मी त्या माणसाला अहो-जाहो करायचे. इथे करणार नाही.

आम्ही पिंपळगाव राजाचे. बाप आठवडी बाजारात भाजी विकतो. माय या मिलमध्ये निवडायला बसते. मशीनमधून सुटलेले खडे आणि काळे दाणे हाताने वेचायचे, दिवसभर, मांडी घालून. मी बी.कॉम. झाले आणि खामगावच्या रस्त्यावरच्या ह्याच मिलच्या ऑफिसात बिलं बनवायला लागले. माय खाली शेडमध्ये, मी वर पंख्याखाली. मायला त्याचा अभिमान होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, माही पोरगी काम्पुटरवर आहे म्हणून.

भाऊला मालक म्हणायचं नाही. "मी मालक नाई, मी तुमचा भाऊ. आपून एक परिवार हावो." हे तो पुण्याहून शिकून आला. कुठल्याशा मोठ्या हॉटेलात यशस्वी उद्योजक कसं व्हावं याचं शिबिर होतं. तिथून येताना त्याने दोन गोष्टी आणल्या, एक गळ्यात घालायची ओळखपत्रं आणि दुसरी सकाळची सभा. परिवार कसला, तर त्याच्या पोराच्या लग्नात आम्हाला मिलचं नाव छापलेले टी-शर्ट दिले आणि पाहुण्यांना पाणी वाढायला उभं केलं. जेवायला बसवलं तेव्हा जिलेबी संपली होती.

सभा म्हणजे काय? काम सुरू होण्याआधी सगळ्यांनी शेडमध्ये उभं राहायचं आणि भाऊने देशावर बोलायचं. हजेरी सभेनंतरच लागायची, त्यामुळे दांडी मारायची सोय नव्हती. तो कशावरही बोलायचा. आपली अर्थव्यवस्था कुठे पोचली, कोणता देश आपल्याला घाबरतो, मुंबईत कोणी कोणाचा पक्ष फोडला आणि ते कसं योग्य झालं, बाहेरच्या देशात लोक बारा-बारा तास कसं काम करतात. बारा तासांवर बोलणारा हा माणूस जेवला की केबिनमध्ये एसी लावून झोपायचा. घोरणं माझ्या टेबलापर्यंत ऐकू यायचं. देशाची तिजोरी किती भरली हे त्याला बरोबर माहीत. बायकांसाठी मिलमध्ये संडास नाही, त्या गोदामाच्या मागे बाभळीत जातात, हे मात्र त्याला कधी माहीत नसायचं. एकदा मी सांगितलं तर म्हणाला, "असं का? पाहू."

त्याचा लाडका विषय म्हणजे फुकट. "लोकायले फुकट खाऊ घालून सरकारनं आळशी करून टाकलं. राशन फुकट, बायायच्या खात्यात पैसे. मंग कामाले येईन कोण? बराबर आहे का नाई?"

"हाव भाऊ!"

हे ठरलेलं होतं. तो 'बराबर आहे का नाई' म्हणाला की सगळ्यांनी एका आवाजात हाव भाऊ म्हणायचं. ज्यांच्या घरात तेच राशन शिजलेलं असायचं, तीच तोंडं हाव म्हणायची. आवाज कमी आला तर तो कानामागे हात धरून परत विचारायचा, जसं काही बालवाडीतली पोरं. मीही म्हणायचे. सगळ्यात जोरात माझी माय म्हणायची.

आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच बायका डबे उघडून बसल्या की काय बोलायच्या! वच्छलाबाई मायच्या शेजारी निवडायला बसायची, वयाने सगळ्यांत मोठी. ती भाकरी मोडता मोडता म्हणायची, "म्हणे देश पुढं चालला. मंग आपून काऊन इथंच बसेल हावो?" पुढाऱ्यांवर तर तिचा विशेष राग. "आज या पक्षात, उद्या त्या पक्षात. माह्या सुनाई इतल्या लवकर माहेरी जात नाई." दुसरी कोणी तेलाच्या पिप्याचा भाव काढायची, तिसरी गॅसचा. वच्छलाबाई शेवटी मशीनकडे बोट दाखवायची. "हे मशीन यानं सरकारच्या पैशानं आनलं. त्याले अनुदान म्हनते. आपल्या गव्हाले फुकट म्हनते." बायका ठसका लागेपर्यंत हसायच्या. भोंगा झाला की तोंडं पुसून परत खाली मान. दुसऱ्या दिवशी सकाळी परत हाव भाऊ.

मला या सगळ्याची किळस यायला लागली होती. त्या माणसाची तर होतीच.

आता मायचं मतदान काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मतदानाच्या दिवशी माय पहाटे डोक्यावरून अंघोळ करते आणि ठेवणीतली साडी नेसते. सणाला नेसत नाही ती साडी. बूथवर जाऊन येईपर्यंत पोटात अन्नाचा कण घेत नाही. मी एकदा चिडवलं, माय, देवीला चालली का? तर म्हणाली, "तथी आडोशाले मी एकटीच रायतो. कोनी पाहत नाई, कोनी विचारत नाई. आपल्या मनानं बटन दाबतो." घरात बापाचं चालतं, मिलमध्ये भाऊचं. तेवढ्या पुठ्ठ्याच्या आडोशाला तिचं चालायचं. मत कोणाला दिलं हे तिने बापाला कधी सांगितलं नाही. मलाही नाही. "ते माह्यं मी पाहीन," म्हणायची.

म्हणून मी सुट्टीचं विचारलं होतं. कायद्याने ती पगारी सुट्टी असते. मला माहीत होतं, भाऊलाही माहीत होतं. मला काट्यावर चढवून झाल्यावर त्याने जाहीर केलं की मिल चालू राहील, कारण ट्रक भरून द्यायचा आहे, पण लोकशाहीचा मान राखला जाईल. दुपारी गावागावाच्या बायांना मिलच्या गाडीने मतदानाला नेऊन आणू. बराबर आहे का नाई?

हाव भाऊ.

मतदानाच्या दिवशी कामावर न्यायला मिलची गाडी गावात आली तेव्हा बूथ उघडलेसुद्धा नव्हते. माय ठेवणीतल्या साडीत गाडीत चढली. मिलमध्ये धूळ नको म्हणून वरून जुना शर्ट घातला. उपाशी होतीच. खामगावातली भाऊची खास माणसं, ज्यांचं मत त्याला आधीच ठाऊक होतं, ती सकाळीच जीपमधून जाऊन बोटाला शाई लावून आली. खेड्यांवरच्या बायांची गाडी मात्र दुपार झाली तरी हलेना. मी अक्षयला विचारलं. "ड्रायवर जेवाले गेला." परत विचारलं. "पंक्चर काढून राह्यले." तिसऱ्यांदा विचारायला गेले तर त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मोबाइलवर बोटं फिरवत म्हणाला, "तुले काय पंतप्रधान निवडाचा आहे का?"

मग सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. मला वाटलं गाडी लागली. पाहते तर भिंतीवर एक मोठा बॅनर. 'शंभर टक्के मतदान, आमच्या परिवाराचा अभिमान.' मध्ये भाऊचा फोटो, हात जोडलेला. एक फोटोवाला कॅमेरा लावून उभा. व्यापाऱ्यांच्या संघटनेने जाहीर केलं होतं, ज्या कारखान्यात सगळे कामगार मतदान करतील त्या मालकाचा सत्कार. भाऊला शाल पाहिजे होती.

"बोटं वर करा," फोटोवाला म्हणाला.

जीपवाल्यांनी केली. त्यांच्या बोटांना शाई होती. आमच्या बोटांना काय, डाळीचा पिवळा धुरळा. फोटोवाला थांबला. भाऊने अक्षयकडे पाहिलं. अक्षय आत गेला आणि पोत्यांवर छापा मारायच्या शाईचा डबा घेऊन आला, आणि कापूस गुंडाळलेली काडी.

पत्र्याच्या छाप्यातून पोत्यावर मिलचं नाव मारतात ती शाई. पावसात पोतं भिजलं तरी ती जात नाही, म्हणूनच ती वापरतात. अक्षय ओळीच्या टोकाला उभा राहिला आणि बायांच्या डाव्या हाताची बोटं पकडून काडी फिरवायला लागला. नखावरून खाली रेघ. बाया हसत होत्या. मेंदी काढून घ्यावी तसे हात पुढे करत होत्या. मायची पाळी आली. तिने पदराला हात पुसला आणि बोट पुढे केलं. अक्षयने रेघ ओढली. "झालं काकू, पुढं."

माय माझ्याकडे पाहून हसली आणि ओल्या बोटावर फुंकर मारली.

ती फुंकर पाहिली आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी ओरडले. "माय! आता तुले मत टाकू देनार नाईत!"

मी पुढे झाले. म्हटलं, बूथवर आधी बोट पाहतात. शाई असली की परत पाठवतात. कोणी बोट देऊ नका. वच्छलाबाईने हात मागे घेतला आणि आधी स्वतःच्या बोटाकडे, मग अक्षयकडे पाहिलं. तिच्या बोटाला रेघ लागलेली होती.

भाऊ काय म्हणाला माहीत आहे? रागावला नाही तो. हसला. लहान पोरीची समजूत घालावी तसा म्हणाला, "अवं, आता मत कायले टाकाचं? हे पाह्य शाई. झालं तुमचं मतदान."

मी तो चेहरा विसरणार नाही. त्यात कपट नव्हतं. कपट असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान आमच्या मताला तो भितो तरी असं म्हणता आलं असतं. त्याला खरंच फरक दिसत नव्हता. शाई लागली, फोटो निघाला, म्हणजे मतदान झालं. आमचं मत म्हणजे आमच्या बोटाचा रंग. रोज सकाळी लोकशाहीवर थुंकी उडेपर्यंत बोलणाऱ्या माणसाला इतकंच कळलं होतं, आणि असल्या माणसापुढे आम्ही वर्षानुवर्षं माना डोलावल्या होत्या. त्याचा राग आला त्यापेक्षा जास्त त्याची कीव आली, आणि कीव येताच माझी भीती गेली.

अक्षयने माझा हात धरला. "तुह्यं बोट दे. फोटो खोळंबून राह्यला."

मी हात हिसकला. काडी उडाली आणि भाऊच्या पांढऱ्या पायजम्यावर निळा डाग पडला.

"निघ," भाऊ म्हणाला. आता हसू नव्हतं. "उद्यापासून येऊ नोको. दोन बुकं शिकली त मले कायदा शिकवते."

"येत नाई," मी म्हटलं. "आन तुमचं काईच बराबर नाई. कधीच नव्हतं."

इतकंच बोलता आलं. मी मायचा हात धरला आणि तिला ओढत गेटबाहेर काढलं. मागे फोटोवाला विचारत होता, "भाऊ, मग बॅनर ठेवू का काढू?"

मतदानामुळे गावाकडे जाणाऱ्या काळीपिवळ्या जीपा बंद होत्या. रस्त्यावर पंक्चरवाल्याने चिंधीवर पेट्रोल ओतून दिलं. मायने बोट घासलं. रेघ पसरली, गेली नाही. मग तिने रस्त्याकडेची माती घेतली, मग दगड. कातडी निघाली, रक्त आलं, आणि नखाच्या कडेला निळं ते निळंच राहिलं. मी म्हटलं, माय, पुरे. ती ऐकेना. दगड बोटावर फिरवत राहिली आणि रडत नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटली. शेवटी टमाट्याच्या कॅरेटचा एक टेम्पो थांबला आणि आम्ही मागे बसून पिंपळगावला आलो.

शाळेतल्या बूथवर रांग थोडीच उरली होती. मायने जुना शर्ट काढून माझ्या हातात दिला, साडी झटकली, केस सारखे केले. आत टेबलावरच्या साहेबांनी यादीत नाव काढलं आणि म्हणाले, "डावा हात दाखवा." मायने दाखवला. त्यांनी चष्मा वर केला. "बाई, शाई आहे."

मी सगळं सांगितलं. मिल, डबा, छापा. ते ऐकत होते, वाईट माणूस नव्हता तो. पण बाजूला बसलेल्या पोलिंग एजंटाने हरकत घेतली, खूण असताना मत देता येणार नाही म्हणाला. रांगेतून कोणीतरी बोललं, "काकूले दोन-दोन मतं पाहिजेत काय?" लोक हसले. गावातले लोक, मायला ओळखणारे. साहेबांनी मान हलवली. "माझा नाइलाज आहे. तुम्ही बाजूला उभ्या राहा."

माय बाजूला झाली. बोट पदरात गुंडाळलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिचं नाव यादीत होतं, ती तिथे होती, उपाशी होती, आणि आडोशामागची ती जागा तिच्यापासून चार पावलांवर रिकामी होती.

मी मत दिलं. बटण दाबल्यावर तो लांब आवाज आला, तो मायनेही ऐकला असणार. मला कसलाही आनंद झाला नाही.

घरी जाताना मी भाऊला शिव्या देत होते. माय मध्येच म्हणाली, "त्याले काय म्हनू मी? त्यानं काडी धरली. बोट त मीच पुढं केलं न? हासत हासत केलं. काऊन केलं, ते सांग मले."

रोज सकाळी हाव म्हणून म्हणून हात आपोआप पुढे जातो, हे तिला माहीत होतं. तिला माझ्याकडून ऐकायचं नव्हतं.

मी तहसीलला तक्रार दिली. तिथल्या माणसाने पुरावा मागितला. मी तो फोटो दाखवला. कारण फोटो निघालाच होता, माझ्याशिवाय, मायशिवाय, आणि भाऊने तो गावभर पाठवला होता. वच्छलाबाई त्यात मागच्या रांगेत बोट वर करून उभी होती, तोंड लहान करून. तहसीलमधला माणूस म्हणाला, यात तर सगळ्यांना शाई दिसतेय, म्हणजे मतदान झालेलंच दिसतंय. भाऊला शाल मिळाली. शालीचा फोटोही त्याने पाठवला.

तक्रारीची बातमी लागल्यावर अक्षय घरी आला. खुर्चीवर बसला, मायने दिलेला चहा प्यायला आणि म्हणाला, भाऊचं मन मोठं आहे. पोरीला परत कामावर घेतो. फक्त तिने लिहून द्यावं की ती शाई गमतीत लावली होती. "परिवारात होतच रायते काकू असं."

मी तोंड उघडणार तेवढ्यात माय बोलली. कपबशी उचलता उचलता, आवाज न चढवता. "माही पोरगी काई लिहून देनार नाई. मी कामाले येतो, मले कामाशिवाय जमत नाई. पन सभेले येनार नाई. हाजरी काप म्हना."

आता माय सभा सुटल्यावर मिलमध्ये शिरते. सभेला नव्हती म्हणून तिच्या हजेरीचे काही पैसे कापतात. वच्छलाबाईने महिनाभर विचार केला आणि आता तीही तिच्यासोबत बाभळीखाली बसून राहते, आतला आवाज थांबेपर्यंत. बाकीच्या अजून आत असतात. मी त्यांच्यावर रागावत नाही, पण त्यांना सोडणारही नाही. मी रोज संध्याकाळी त्यांच्या गावात जाते, ओट्यावर बसते, सुट्टीचा कायदा वाचून दाखवते. कोणी ऐकतं, कोणी चूल पेटवायला उठून जातं. एकीने तर तोंडावर सांगितलं, तुले काम नाई म्हणून तू फिरतं. बरोबर आहे तिचं. मला दुसरं काम नाही आता.

भाऊ निवडणुकीला उभं राहायच्या विचारात आहे म्हणे. राहू दे. मतदान परत येणार आहे, आणि त्या दिवशी पहाटे त्याची गाडी गावात शिरायच्या आधी मी रस्त्यावर आडवी उभी राहणार आहे. गाडी चालवायची तर माझ्या अंगावरून चालवावी लागेल. एकाही बाईला मी त्या गाडीत चढू देणार नाही. माय त्या दिवशी अंघोळ करून ठेवणीतली साडी नेसेल आणि बूथ उघडताना रांगेत पहिली असेल, आणि ती आडोशामागून बाहेर येईपर्यंत मी बूथच्या दारातून हलणार नाही.